दारावरचा शिपाई

गेल्या दिवाळीत धाकटा मुलगा पुण्याहून हरसूलला आला तेव्हा मिठाईच्या खोक्याबरोबर आणखी एक खोके घेऊन आला. आत पासबुकापेक्षाही लहान अशी एक हिरवी पाटी, तिच्यावर चिकटवलेल्या चिपा आणि एक वायर. दोन तास तो टीव्हीच्या मागे मान खाली घालून बसला. मग ओसरीच्या भिंतीवर त्याने आपला जुना टॅब्लेट बसवला आणि मला हाक मारली. पडद्यावर चौकोनी बटणे होती. 'ओसरीचा दिवा', 'मागचा दिवा', 'मोटार' आणि सर्वांत खाली 'जाहिराती'.

"बाबा, हे शेवटचे बटण तुमच्यासाठी," तो म्हणाला. "आता या घरात जाहिराती यायच्या नाहीत. कधी लागल्याच, तर हे दाबायचे."

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसापुढे कुठलेही बटण ठेवा, तो आधी दोनच प्रश्न विचारतो. दाबण्याचा अधिकार कोणाला, आणि दाबल्याची नोंद कुठे? मुलगा हसला. गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात जे काही घडले ते सगळे या दोन प्रश्नांभोवतीच घडले, म्हणून आज वाचकांपुढे ते मांडावेसे वाटते.

हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्याचा पश्चिमेकडचा, गुजरातच्या सीमेकडे सरकलेला भाग. भात, नागली, वरई, खुरासणी. पावसाळा असा की चार महिने छत्री वाळत नाही, आणि विजेचा भरवसा असा की दिवाबत्तीच्या वेळी ती हमखास जाते. अशा गावात माणसाने भिंतीवरच्या काचेला बोट लावून मोटार चालू करावी हे मला पहिल्यांदा चेष्टेचेच वाटले. पण मोटार चालू झाली. आणि जाहिराती खरोखरच बंद झाल्या.

हे होते कसे, ते मी मुलाकडून तीनदा समजावून घेतले. तिसऱ्यांदा त्याने माझ्याच भाषेत सांगितले तेव्हा उमगले. इंटरनेटवरच्या प्रत्येक ठिकाणाला एक नाव असते आणि एक आकडा असतो. माणसाला नाव लक्षात राहते, यंत्राला आकडा लागतो. नाव सांगितले की आकडा देणारी जी व्यवस्था आहे ती पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली घडवली. आपल्या जुन्या ट्रंक कॉलच्या काळातली टेलिफोन ऑपरेटर बाई आठवा. तिला नाव सांगायचे, ती जोडून द्यायची. आता एखादे वर्तमानपत्र फोनवर उघडले की त्या पानाबरोबर आणखी पंधरा-वीस ठिकाणांची नावे आपला फोन आपल्याला न विचारता विचारत सुटतो. त्यातली काही चित्रांची, काही अक्षरांची आणि बरीचशी जाहिरातदारांची आणि पाळत ठेवणाऱ्यांची. मुलाने बसवलेली ती हिरवी पाटी म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. त्याच्यात पाय-होल नावाची एक मोफत प्रणाली आहे. जेकब साल्मेला या अमेरिकन तरुणाने ती दहाएक वर्षांपूर्वी सुरू केली आणि आता जगभरचे हौशी लोक ती सांभाळतात. घरातल्या सगळ्या फोनांनी नाव विचारायचे ते या पाटीला. तिच्याजवळ जाहिरातदारांच्या नावांची लांबलचक यादी असते. यादीतले नाव आले की ती शून्य शून्य शून्य शून्य असा पत्ता देते. म्हणजे अशा नावाचा इसम इथे राहत नाही.

"बाबा, तुमच्या शाखेतला शिपाई आठवा," मुलगा म्हणाला. "विम्याचा एजंट आला की काय सांगायचा?"

"साहेब मीटिंगला गेलेत."

"बस्. हा तोच आहे. आणि भिंतीवर आहे ती तुमच्या टेबलावरची घंटा."

ही घंटा म्हणजे होम असिस्टंट. पाउलस स्खौटेन या डच तरुणाने २०१३ साली तिची सुरुवात केली, तीही मोफतच. दिवे, पंखे, मोटारी, दरवाजे, निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी यंत्रे, या सगळ्यांना एका पडद्यावर आणायचे आणि तेही घरातल्या घरात, परदेशातल्या कुठल्या कंपनीला न विचारता, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य. शिपायाला 'जा' किंवा 'ये' म्हणायचे, किंवा 'पाच मिनिटे चहा पिऊन ये' म्हणायचे, एवढेच ती करते. पाच मिनिटे झाली की शिपाई न बोलावता परत दारावर. आमच्या शाखेत असा शिपाई मला कधी मिळाला नाही, असो.

पहिले दोन आठवडे मजेचे गेले. पाने झटकन उघडू लागली. पाककृतीच्या मधोमध अंगावर येणारी शर्टांची चित्रे गेली. मुलगा परत गेल्यावर मी रोज रात्री त्या शिपायाची वही उघडून बघू लागलो, म्हणजे कोणी काय विचारले आणि कोणाला परत पाठवले याची यादी. त्यात एक गोष्ट दिसली ती सांगितलीच पाहिजे. आमचा टीव्ही रात्री दोन वाजता, घरात सगळे झोपलेले असताना, कुठल्या तरी दूरच्या ठिकाणाचे नाव दर थोड्या वेळाने विचारत होता. बंद टीव्ही! मी उठून त्याची पिन काढून ठेवली. सकाळी पत्नीने विचारले, "अहो, वीज वाचवायला काढलीत का?" मी हो म्हणालो. खरे सांगितले असते तर तिने मला डॉक्टरकडे पाठवले असते.

मग तक्रारी सुरू झाल्या. सौभाग्यवतींना गुडघ्याचा पट्टा मागवायचा होता. त्यांनी नाव टाकले, पाने आली, पहिल्यावर बोट ठेवले, उघडेना. दुसऱ्यावर ठेवले, उघडेना. चौथे उघडले. "तुमच्या त्या डबीने नेट बिघडवलेय," असा निकाल लागला. चौकशी केली तेव्हा कळले की पहिली दोन-तीन उत्तरे ही उत्तरेच नव्हती. पैसे देऊन वर बसलेल्या जाहिराती होत्या, आणि शिपाई त्यांना आत सोडत नव्हता. 'प्रायोजित' असा बारीक शब्द वर लिहिलेला असतो, पण साठी उलटलेल्या डोळ्यांना तो दिसतो कुठे? इतकी वर्षे ही बाई पहिल्यावरच बोट ठेवत आली. रांगेत जो पहिला उभा तो पहिला आलेला, असे मानणारी आमची पिढी. रांगेतली पहिली जागा विकत मिळते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मलाही नव्हते.

तिला हे समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला कळले. पण कोणते उघडायचे आणि कोणते नाही हे तुम्ही का ठरवायचे?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकदा तर तिने दुपारी दोनदा त्या बटणावर बोट ठेवले, शिपाई दूर झाला आणि मिनिटाभरात पुन्हा हजर! पुण्यात बसलेल्या चिरंजिवांच्या फोनवर सूचना गेली होती, आणि त्यांनी तिथूनच बटण परत फिरवले होते. आईने चुकून दाबले असेल असे त्यांना वाटले. घर हरसूलचे, भिंत हरसूलची आणि बोट पुण्याचे. मी फोन करून त्याला सांगितले की बाबा रे, बँकेत मुख्य कार्यालयालासुद्धा शाखेच्या तिजोरीची किल्ली नसते, आणि किल्ल्या असतात त्याही दोघांजवळ. त्याने बाहेरून येण्याची वाट बंद केली. आता ते बटण ओसरीवर आहे, आणि जो ओसरीवर उभा आहे त्यालाच ते दाबता येते. दहा वर्षांच्या नातीलाही. तिच्याबद्दल थोरल्या मुलाचे आणि माझे मतभेद झाले, पण तो विषय लांबवत नाही.

आता थोडे उलट बाजूनेही बोलायला हवे. नाही तर माझे वाचक म्हणतील की म्हातारा जाहिरातींवर उखडला आहे. तसे नाही. जाहिरातींवर माझी चूल काही अंशी पेटलेली आहे. मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासून सांगतात. तेव्हापासून आजतागायत कथाकारांना जे काही मानधन मिळाले त्यात जाहिरातदाराचा वाटा मोठा आहे. मी त्या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. शाखा व्यवस्थापक असताना एखाद्या छोट्या अंकाचा संपादक थकलेल्या चेहऱ्याने समोर बसायचा आणि पाव पान मागायचा. वरून मंजुरी मिळवून मी ते द्यायचो. पुढे माझीच कथा त्याच अंकात छापून येई आणि तिच्या खाली आमच्याच बँकेची आवर्त ठेव योजना. या देशातले पहिले वर्तमानपत्र हिकीने १७८० साली कोलकात्यात काढले, त्याच्या नावातच 'जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' हे शब्द होते. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती आल्या तेव्हा मी लहान होतो. त्यातल्या काही चालींवर आम्ही पोरे नाचायचो. आणि तुम्ही हा लेख ज्या कागदावर वाचत आहात त्या कागदाचा खर्चही तुम्ही दिलेल्या किमतीत भागत नाही. मग ज्या वर्तमानपत्राने मला लिहायला जागा द्यायची त्याच्याच जाहिराती मी घरात बसून अडवायच्या, ही कृतघ्नता नाही का?

आठवडाभर हा विचार डोक्यात होता, आणि उत्तर मला आमच्या आठवडे बाजारात सापडले. सुकटवाली ओरडते, भांडीवाला ओरडतो, चपलांचा ढीग लावलेला पोरगा तर माइकवरून ओरडतो. ही जाहिरातच. पण सुकटवाली माझ्या मागे घरापर्यंत येत नाही. मी गेल्या आठवड्यात काय घेतले, कोणासमोर किती वेळ थांबलो, माझ्या बायकोचा गुडघा दुखतो, हे ती वहीत लिहून दुसऱ्या बाजारातल्या व्यापाऱ्याला विकत नाही. छापील जाहिरातही तशीच. ती माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे बघतो. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर चौकोनी पट्टीच्या जाहिराती आल्या. त्या पट्ट्यांनी पुढे डोळे फुटल्यासारखे आपल्याकडे बघायला सुरुवात केली, तिथून सगळे बिघडले. माझे भांडण आहे ते या डोळ्यांशी. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१८ साली एका मोठ्या वृत्तसमूहाचा असाच दावा गेला होता, की जाहिराती अडवणारी प्रणाली म्हणजे अनुचित स्पर्धा. न्यायालयाने तो मान्य केला नाही. तरीही मी दोन मराठी दैनिकांची संकेतस्थळे शिपायाच्या यादीतून सोडवून घेतली. एकाचे पान त्यामुळे इतके हळू उघडू लागले की महिनाभराने मी त्यांची वर्गणीच भरली. वर्गणीदार होऊनही जाहिराती येतातच, ही गोष्ट वेगळी.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. सूनबाईंची परवानगी घेऊनच लिहितो आहे.

वही बघण्याची मला सवय लागली होती. रात्री जेवण झाले की पंधरा मिनिटे वही. त्यात वेळ असते, फोन कोणाचा ते असते आणि विचारलेले नाव असते. एका रात्री दीड वाजता सूनबाईंच्या फोनवरून नाशिकच्या एका रुग्णालयाचे नाव विचारले गेले होते. पुन्हा पावणेदोनला. पुन्हा दुसऱ्या रात्री. सकाळी चहा घेताना मी सहज म्हणालो, "नाशिकला दवाखान्यात जायचेय का? गाडी सांगू का?" माझ्या मनात काळजीच होती, हे शपथेवर सांगतो. सूनबाईंचा हात कपावर होता तो तसाच राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्यांचा फोन घरच्या नेटवर नव्हता, हेही मला वहीतच दिसले. कशासाठी विचारले होते ते मला नंतर कळले. ते मी इथे सांगणार नाही.

राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना एका कागदावर सही करावी लागते. निष्ठेची आणि गोपनीयतेची घोषणा. बँकेच्या किंवा बँकेशी व्यवहार करणाऱ्या कुठल्याही व्यक्तीच्या व्यवहाराची माहिती मी अनधिकृत माणसाला देणार नाही, अशा अर्थाची. चोवीसाव्या वर्षी मी ती सही केली आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळली. गावातल्या कोणत्या सावकाराचे खाते रिकामे आहे आणि कोणत्या फाटक्या सदऱ्याच्या म्हाताऱ्याच्या नावावर मुदतठेवी आहेत हे मला माहीत असे. पत्नीने कितीदा खोदून विचारले, मी सांगितले नाही. माझ्या कादंबऱ्यांतसुद्धा ते येऊ दिले नाही, आणि लेखकासाठी हा त्याग लहान नाही. त्या मी, आपल्या घरात, आपल्या सुनेची वही उघडून वाचली आणि वर चहा घेताना तिला ऐकवली. दूरदेशीच्या कंपन्या आमच्यावर पाळत ठेवतात म्हणून दारावर शिपाई बसवला, आणि मग त्या शिपायाला रोज रात्री जवळ बसवून विचारू लागलो की आज घरातले कोण कोण कुठे कुठे गेले होते? कंपनीला निदान सूनबाईंचा चेहरा माहीत नसतो.

मुलाला फोन केला. कारण सांगितले नाही, फक्त म्हणालो की वहीत नावे दिसायला नकोत. तो म्हणाला, "बाबा, ते अगदी सोपे आहे. चार पायऱ्या असतात. सगळे दिसते, नाव लपते, नाव आणि माणूस दोन्ही लपतात, आणि काहीच कुठे राहत नाही." मग तू पहिलीच पायरी का ठेवलीस, असे मी विचारले. "तीच आपोआप असते," तो म्हणाला. आपोआप! या एका शब्दाखाली आपल्या काळातली किती पापे झाकली जातात. मी शेवटची पायरी मागून घेतली. त्यानंतर सूनबाईंना ओसरीवर बोलावून टॅब्लेटवर रिकामी वही दाखवली आणि चुकलो म्हणालो. त्या म्हणाल्या, "बाबा, दिसत होते हे आम्हाला आधी सांगायला हवे होते." एवढेच. ज्या घरांत हा शिपाई बसला आहे, आणि तो आता शहरांतल्या बऱ्याच घरांत बसू लागला आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांनी आणि विशेषतः नवरे मंडळींनी ही वही कधी उघडली आहे का हे स्वतःला विचारावे. उघडली असेल तर घरातल्यांना ते माहीत आहे का, हेही.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. हा शिपाई फक्त माझ्या दारावर आहे. माझ्याकडे फायबरचे नेट आहे, पुण्यात शिकलेला मुलगा आहे. आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक तरुण दरवर्षी द्राक्षाच्या कामाला गिरणाऱ्याकडे जातो. त्याच्याजवळ एकच फोन, त्यात रोजचा थोडा डेटा. खेळ खेळताना मध्ये जाहिरात आली, पाच मिनिटांत कर्ज. त्याने घेतले. पुढचे वाचकांना माहीत आहे. त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर फोन गेले, त्याच्या बहिणीलाही घाणेरडे संदेश गेले. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला रिझर्व्ह बँकेची २ सप्टेंबर २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे समजावून सांगत बसलो! फोनमधली नावे बघण्याचा अशा अ‍ॅपना अधिकार नाही, पैसे थेट खात्यात यायला हवेत वगैरे. तो ऐकत होता. आमच्या शाखेत तो कर्जाला आला असता तर किती कागद मागितले असते आणि किती खेपा घालायला लावल्या असत्या, याचा हिशेब मी मनातल्या मनात करत होतो. जाहिरातीने त्याला एकदाही 'उद्या या' म्हटले नाही.

तेव्हा घरोघरी शिपाई बसवणे हा उपाय नव्हे, ती सुखवस्तू माणसाची सोय आहे. उपाय कायद्यानेच व्हायला हवा, आणि थोडे काही झालेही आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेमून जाहिराती सोडायला मनाई करतो. त्याचे नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि अंमल टप्प्याटप्प्याने. ग्राहकांना फसवणाऱ्या तेरा प्रकारच्या क्लृप्त्यांवर केंद्राने २०२३च्या नोव्हेंबरअखेर बोट ठेवले. मला स्वतःला रिझर्व्ह बँकेचे २०२५चे एक पाऊल सर्वांत शहाणपणाचे वाटते. बँकांनी आपल्या संकेतस्थळांच्या नावांचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असाच ठेवायचा, आणि ते नाव बँकेखेरीज कोणाला मिळायचे नाही. म्हणजे खेड्यातल्या माणसाला शेपूट बघून खरे-खोटे ओळखता यावे. नावाची किंमत कोणाला तरी कळली. असेच जाहिरातीच्या बाबतीत का होऊ नये? पैसे घेऊन वर बसवलेल्या ओळीचा रंगच वेगळा हवा, आमच्या सौभाग्यवतींना चष्म्याशिवाय दिसेल इतका. आणि पाळत ही 'आपोआप' नसावी. ज्याला हवी त्याने बटण दाबून मागून घ्यावी.

शिपाई अमर नाही, हेही सांगून टाकतो. जूनच्या पहिल्या वादळात वीज चार वेळा गेली आणि आली, आणि पाटीतले कार्ड जळाले. नाव विचारायला कोणी नाही म्हटल्यावर सगळ्या घराचे नेट बंद. शिपाई आजारी म्हणून शाखा बंद, अशातली गत. दोन दिवस मुलगा फोनवरून इकडचे तिकडे करायला सांगत होता आणि मी टॉर्च तोंडात धरून टीव्हीच्या मागे. जाहिरात अडवणाऱ्या यूट्यूबच्या भक्तांसाठी एक सूचना: तिथे हा शिपाई कुचकामी आहे. तिथल्या जाहिराती आणि चित्रफिती एकाच दारातून येतात, त्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत.

आता नवे कार्ड आहे, आणि पाटीला इन्व्हर्टरची जोड दिली आहे. नातीने मे महिन्याच्या सुट्टीतच कधीतरी त्या शेवटच्या बटणाचे नाव बदलले होते. 'जाहिराती'च्या जागी तिने 'शिपाईकाका' केले आणि खाली 'चहाला पाठवा' असे दुसरे बटण स्वतः जुळवले. परवा संध्याकाळी पाऊस लागला होता. सौभाग्यवती कोणाची तरी साडी बघायला ओसरीवर आल्या, चष्मा कपाळावर होता. त्यांनी शिपायाला चहाला पाठवले, खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, "पाच नाही, अर्धा तास द्या त्याला. आणि तुम्ही आत जा."

मी आत गेलो.